कासवाच्या कवचातला सैतान

एका जंगलातल्या तळ्यात एक म्हातारं कासव राहत असे. त्या जंगलाची रीत अशी, की सकाळी पाण्याला तोंड लावण्याआधी सगळ्यांनी सूर्यापुढे मान वाकवायची. कासवही वाकवी. पण मान वाकवली की त्याचं डोकं आपोआप कवचात जाई. जन्माची सवय, तिला ते काय करणार? इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका उन्हाळ्यात तळं आटलं. आणि पोरांनो, पाणी आटलं की जनावरं पाणी नाही, दोषी शोधायला लागतात. कोल्हा म्हणाला, "आपण वाकतो सूर्यापुढे. हे आत डोकं घालून कुणापुढे वाकतं? आत सैतान बसवलाय त्यानं." सगळ्यांना पटलं, कारण आत कुणी पाहिलंच नव्हतं. रानरेड्यांनी कासवाला तापलेल्या खडकावर उताणं टाकलं. कबूल केलं तर सरळ करायचं, नाहीतर मरेपर्यंत तसंच ठेवायचं, असं ठरलं.

"आजोबा, सैतान दिसतो कसा?" कोल्ह्यानं गोडीनं विचारलं.

"मी नाही रे पाहिला."

"कान टोकदार असतील?"

दुपारपर्यंत कासव नाही-नाहीच म्हणत राहिलं. खालून पाठ भाजत होती, वरून पोट. शेवटी ते म्हणालं, "असतील."

"शेपूट झुपकेदार? डोळे पिवळे?"

"तू म्हणतोस तसंच, बाबा. आता सरळ कर मला."

कोल्ह्यानं आधी कावळ्याकडून दवंडी पिटवली : सैतान कळला, टोकदार कानांचा, झुपकेदार शेपटीचा, पिवळ्या डोळ्यांचा. जनावरं ऐकत होती आणि कोल्ह्याकडे बघत होती. एक ससा हळूच म्हणाला, "म्हणजे अगदी तुमच्यासारखाच की हो." मग काय, सगळी कोल्ह्याच्या मागे लागली. खडकापाशी कुणी उरलं नाही. कासवाला सरळ करायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळानं कावळा परत आला आणि कोल्ह्याच्या जागेवर बसला. "आता चौकशी माझ्याकडे. कोल्ह्याला साथीदार असणारच. कसा होता, म्हाताऱ्या? उडणारा असेल? काळा?"

कासवानं त्याच्याकडे चोचीपासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं आणि डोळे मिटले. "असेल, बाबा. काळाच असेल. तू सांगत जा, मी हो म्हणतो."

तात्पर्य : उताणं टाकून विचारलं की कुणीही काहीही कबूल करतं, आणि त्या कबुलीतला सैतान विचारणाऱ्याच्याच तोंडावळ्याचा निघतो.