जबड्यात हात

"आता यात कुणाला खोडी करता येईल का, ते तुम्हीच सांगा, सर."

शरयू भोईटेनं लॅपटॉप मुजावर सरांपुढे सरकवला आणि हाताची घडी घालून ती उभी राहिली.

मिरजेच्या त्या शाळेत रोबोटिक्सचा वर्ग मुजावर सर घ्यायचे. शरयू नववीतली. वर्गात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी तिलाच ठाऊक होती.

टेबलावर तिचं यंत्र होतं. लोखंडी पट्ट्यांचा एक हात, पुढे दोन फळ्यांचा जबडा. भंगारातून आणलेल्या गाडीच्या वायपरची मोटर त्या जबड्याचा स्क्रू फिरवायची. सरबताचा रिकामा डबा पुढे ठेवला की हात तो उचलायचा, जबडा सावकाश आवळत जायचा आणि डब्याची चपटी चकती होऊन खाली पडायची.

स्नेहसंमेलनात मात्र या यंत्रानं तिची लाज काढली होती. आयत्या वेळी कुणीतरी तिचा प्रोग्राम बदलून ठेवला आणि हातानं डबा थेट पाहुण्यांच्या अंगावर भिरकावला. ती सावरतेय तोवर दुसऱ्या कुणीतरी यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलं. यंत्र खांबासारखं उभं. सगळा मांडव हसला. शरयू त्या दिवशी घरी जाऊन कुणाशी बोलली नाही.

मग तिनं अख्खी दिवाळीची सुट्टी त्या यंत्रामागे घालवली.

"काय काय केलंस?" सरांनी विचारलं.

"पासवर्ड घातला. लांबलचक. तीनदा चुकला की अर्धा तास काही चालत नाही. बॅटरीची पेटी स्क्रूनं बंद केली."

"आणि लाल बटण?"

"काढून टाकलं."

"का गं?"

"कुणीही येऊन दाबत होतं, सर! एकदा काम सुरू झालं की आता मधे कुणी बोट घालू शकत नाही. थांबवायचं असेल तर पासवर्ड. तो फक्त मला माहीत आहे."

"फक्त तुला..."

"फक्त मला."

सरांनी जबड्याचा स्क्रू निरखून पाहिला. बाकीची मुलंही टेबलाभोवती जमली होती. शनिवारी पाचवीचे वर्ग हे यंत्र बघायला येणार होते, त्याचीच तयारी चालली होती.

"सुरू कर."

शरयूनं पासवर्ड घातला. मोटर घरघरली. जबडा आवळायला लागला.

सरांनी समोरचा डबा उचलून बाजूला ठेवला, शर्टाची बाही मागे सारली आणि स्वतःचा उजवा हात त्या दोन फळ्यांमध्ये ठेवला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर गंमत करताहेत असंच सगळ्यांना वाटलं. शरयूलाही.

"सर, हात काढा."

सरांनी हात तसाच ठेवला.

"सर, ते खरंच आवळतं!"

"मग थांबव की."

शरयू लॅपटॉपकडे वळली. तिनं पासवर्ड टाइप केला. रोज डोळे मिटून करायची, तोच. पडद्यावर लाल अक्षरं उमटली... चूक.

फळ्या सरांच्या बोटांना टेकल्या.

तिनं पुन्हा टाइप केला. या वेळी एकेक अक्षर बघून. पण घाईत एकाच्या जागी दोन अक्षरं उमटत होती. चूक.

"सर, काढा ना हात! प्लीज!"

"आता निघत नाही, शरयू," सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण कपाळावर घाम आला होता.

आता कुणी हसत नव्हतं.

तिनं तिसऱ्यांदा टाइप केला. एंटर दाबायच्या आधीच तिला कळलं होतं.

चूक. अर्ध्या तासानंतर पुन्हा प्रयत्न करा.

शरयूनं ते वाक्य वाचलं. तिचंच वाक्य होतं. शेवटी पूर्णविराम द्यायचा की नाही याचाही तिनं विचार केला होता. आता ते वाक्य तिच्याशी अनोळखी माणसाशी बोलावं तसं बोलत होतं. ती नुसती पडद्याकडे बघत उभी राहिली.

मोटर घरघरत होती. सरांच्या तोंडून पहिल्यांदाच एक दबकं कण्हणं निघालं.

त्या आवाजानं ती भानावर आली. तिनं बॅटरीच्या पेटीवर झडप घातली. झाकण हलेना, तिनंच ते घट्ट पिळलं होतं. मग टेबलावरचा कटर उचलून तिनं पेटीतून निघालेल्या वायरी, सुट्टीभर जपून जोडलेल्या, रंगारंगानं बांधलेल्या, एका झटक्यात कापून टाकल्या.

ठिणगी उडाली. मोटर थांबली.

पण जबडा आवळलेलाच राहिला. तिनं दोन्ही हातांनी स्क्रू धरला आणि उलटा फिरवायला लागली. तळव्याची साल निघाली, तरी फिरवत राहिली. शेवटी फळ्या सैल झाल्या आणि सरांचा हात बाहेर आला.

बोटं काळीनिळी पडली होती. मधलं बोट वाकडं दिसत होतं.

टेबलाभोवतीची मुलं दोन पावलं मागे सरकली.

सर बाहेरच्या नळाखाली हात धरून उभे राहिले. शरयू त्यांच्या मागोमाग गेली.

"सर, मी चुकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. मला वाटलं, तुला पहिल्याच खेपेला जमेल."

"मग... मग हात का घातलात?"

"शनिवारी पाचवीतलं एखादं पोर घालणारच होतं."

शरयूच्या डोळ्यांसमोर पाचवीतले छोटे छोटे हात आले. ती तिथेच, नळाशेजारच्या ओल्या फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली.

मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सर हाताला प्लास्टर घालून वर्गात आले. मुलं चूपचाप उठून उभी राहिली. शरयू रिकाम्या पडद्यासमोर बसली होती. जुना प्रोग्राम तिनं सगळा पुसून टाकला होता.

सर तिच्याशेजारी बाक ओढून बसले.

शरयूनं लॅपटॉप दोघांच्या मधे ओढला.

"सर, पहिली ओळ कसली लिहू?"

"थांबण्याची."

तिनं मान हलवली. बोटं अक्षरांवर ठेवली आणि पुन्हा उचलली.

"पण सर, पासवर्ड तर लागेलच. नाहीतर कुणीही येऊन बदलेल."

"लागेल. सुरू करायला, बदलायला घाल की. चांगला दणकट घाल."

"आणि थांबवायला? थांबवायचा अधिकार कुणाकुणाला देऊ?"

सरांनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

"त्या दारातून मांजर आलं," ते म्हणाले, "तर त्यालासुद्धा."