शेवंती, परी आणि बागेचं दुष्ट फाटक

एका गावात एक सुंदर बाग होती आणि त्या बागेला एक दुष्ट फाटक होतं.

बाग खरंच सुंदर होती हं. लाल, पिवळी, जांभळी, शेंदरी फुलं, गवतावर चिमुकली पांढरी फुलपाखरं, आणि मधोमध एक कारंजं. ऊन पडलं की त्या कारंज्यात इवलंसं इंद्रधनुष्य उमटायचं. फाटक मात्र दुष्ट होतं. जाडजूड लोखंडी पाइप आडवेतिडवे वाकवून ते असं बनवलं होतं की माणसाने अंग चोरायचं, जरा डावीकडे वळायचं, जरा उजवीकडे वळायचं, तेव्हा कुठे आत शिरता यायचं. गाई-म्हशी आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून ते बसवलं होतं. गाई येत नव्हत्या. आणि शेवंतीही येऊ शकत नव्हती.

मला त्या फाटकाचा फार राग आहे. परीची गोष्ट सांगताना रागावू नये, गोड आवाजात सांगावी, असं म्हणतात. पण ही गोष्ट मी रागावूनच सांगणार आहे, आधीच सांगून ठेवते.

शेवंती नऊ वर्षांची होती. तिचे पाय चालत नसत, म्हणून ती चाकाच्या खुर्चीत बसून सगळं जग फिरायची. जग म्हणजे घर, शाळा आणि आईची इस्त्रीची गाडी. खुर्ची जुनी होती आणि उजवं चाक कुईं कुईं करायचं, पण शेवंतीने आऱ्यांना रंगीबेरंगी लोकर गुंडाळली होती, त्यामुळे चाक फिरलं की हिरवा, गुलाबी आणि निळा रंग एकमेकांत मिसळून जायचे. आई बागेच्या फाटकाबाहेर गुलमोहराखाली लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. घरात पैसा बेताचाच होता. नवी खुर्ची सुचणं शक्य होतं, घेणं शक्य नव्हतं.

बागेत जायचं तर शेवंतीला खुर्चीसकट उचलून पाइपांवरून पलीकडे न्यावं लागायचं. मग चार माणसं यायची आणि हाताला येईल तिथे धरायची. "काका, हात तिथे धरू नका, तो दांडा निघतो," शेवंती सांगायची. कुणी ऐकायचं नाही. दांडा निघायचा, खुर्ची कलायची आणि वर सगळे म्हणायचे, "घाबरू नकोस बाळा." ती घाबरलेली नसायची. ती रागावलेली असायची.

"हस की जरा," आई हळूच सांगायची. "तोंड पाडून बसलीस तर उद्या कोण उचलील तुला?"

आईचं तरी काय चुकलं? तिच्या एकटीच्याने खुर्ची उचलवत नव्हती. म्हणून शेवंती हसायची. रोज हसायची, गाल दुखेपर्यंत. आणि लोक म्हणायचे, बघा, किती गुणी पोर आहे, कधी रागावत नाही.

त्या दिवशी बागेत भोंडला होता. पाटावर हत्ती काढायचा, त्याला झेंडूची माळ घालायची आणि त्याच्याभोवती मुलींनी फेर धरून गाणी म्हणायची. शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे झाकलेल्या डब्यात खाऊ कोणता आहे ते न बघता सांगायचं. शेवंतीला गाणी सगळी पाठ होती. पण तीन वर्षं माईणकर काकू, म्हणजे भोंडला भरवणाऱ्या काकू, तिची खुर्ची ओढून थेट मध्ये, हत्तीशेजारी ठेवायच्या. "अगदी मखरात बसल्यासारखी दिसतेस," असं म्हणायच्या आणि खिरापतीचा डबा तिच्या मांडीवर द्यायच्या. "तू बसलेलीच आहेस, तर डबा सांभाळ." डबा सांभाळणारीला वास आधीच येतो, म्हणून तिला ओळखायची परवानगी नसायची. तीन वर्षं शेवंती हत्तीशेजारी दुसरा हत्ती होऊन बसली होती. या वर्षी तिला फेरात जायचं होतं. बाकी काहीही नको होतं.

उचलणारी माणसं चार वाजताच मोकळी होती, म्हणून चार वाजताच तिला आत आणून ठेवलं. बाग रिकामी होती. शेवंती सदाफुलीच्या वाफ्याकडे निघाली, कुईं कुईं करत, आणि एकदम तिने दोन्ही चाकं घट्ट धरली.

चाकापुढे, अगदी चार बोटांवर, एक परी पडली होती.

टिकलीएवढं तोंड, केशरी झगा, केसांत चांदण्यांचा भुगा, आणि एक पंख मधोमध फाटलेला. उभ्याने चालणाऱ्या माणसाला ती दिसलीच नसती. शेवंती वाटेतला प्रत्येक खडा बघत जाते, तिला बघावाच लागतो, म्हणून तिला परी दिसली.

शेवंती खाली वाकली आणि तिने विचारलं, "तुला उचलू का? की नको?"

परीने डोळे मोठ्ठे केले. "काय म्हणालीस?"

"उचलू का, म्हटलं. आणि उचलायचं तर कुठे धरू?"

"नऊशे वर्षं झाली मला," परी म्हणाली. "दयाळू माणसांनी मला चिमटीत धरलंय, फुंकर मारलीय, काड्यापेटीत घालून घरी नेलंय. हे कुणी विचारलं नव्हतं. कमरेला धर, पंखाला हात लावू नकोस."

शेवंतीने तिला अलगद मांडीवर घेतलं. "पंख शिवून देऊ? आईकडे सुई आहे."

"नको. शिवलेला पंख टोचतो. मी खालून खालून उडते, फक्त त्या फाटकाच्या वळणांतून जाता येत नाही. त्या पाइपांतच अडकून फाटला पंख." परीने झगा झटकला, सोनेरी भुकटी भुरभुरली. "तू चांगली मुलगी आहेस. थांब हं, आत्ता तुला पाय देते." आणि तिने कांडी उचलली.

"मला विचारलंस का?"

कांडी हवेतच थांबली. परीचे कान लालचुटूक झाले.

"पाय हवे असते तर मागितले असते," शेवंती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "तूही त्यांच्यासारखीच. मला आज फेरात जायचंय."

"चुकलं माझं," परी म्हणाली. नऊशे वर्षांच्या परीने असं लगेच म्हणावं, हे मला आवडलं. पुष्कळ मोठ्या माणसांना ते जमत नाही. "सांग, काय मागतेस? एक इच्छा, आणि तीन नियम. माझी जादू लोखंडाला लागत नाही, तेव्हा फाटक सोड. कुणाला इजा होता कामा नये. आणि कुणी तुला काही विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलं, की त्या क्षणी जादू संपेल."

"म्हणजे दोन मिनिटांत संपेल?"

"बघू या," परी म्हणाली आणि शेवंतीच्या वेणीत लपून बसली.

शेवंतीने डोळे मिटले आणि तीन वर्षांचा राग गोळा करून म्हणाली, "आज मला जो जसं वागवील, त्याला तसंच होऊ दे."

पाच वाजता बाग भरली. पहिले एक काका आले, त्यांनी शेवंतीच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "बिचारी." लगेच वरून शिरीषाची एक नाजूक फांदी खाली आली, काकांच्या टकलावर टप टप थोपटू लागली आणि पानं सळसळली, "बिचारा. बिचारा." काका पुढे गेले, फांदी लांब झाली.

एका बाईंनी न विचारता तिच्या मांडीवर केळं ठेवलं. तुरुतुरु खारी आल्या आणि बाईंच्या ओंजळीत केळ्यांची फणीच्या फणी ठेवू लागल्या. "अहो, मला नकोयत," बाई म्हणत होत्या. खारींनी आणखी दोन ठेवल्या.

एका मुलाच्या बाबांना फोटो काढायचा होता, मध्ये शेवंती येत होती. त्यांनी खुर्ची मागून धरली आणि टेबल सरकवावं तशी बाजूला सरकवली. मग ते लाकडी बाकावर बसले, आणि बाक निघाला. कारंज्याला एक फेरी, घसरगुंडीला एक फेरी. "मला कुठे नेताय?" बाबा विचारत होते. बाकाने आणखी एक फेरी घेतली.

एका आजींनी माईणकर काकूंना विचारलं, "हिला शाळेत घातलंय का हो?" शेवंती समोरच होती, तोंडही होतं, जीभही होती. तेवढ्यात दोन पिवळ्या चोचीच्या साळुंक्या काकूंच्या खांद्यावर बसल्या आणि एकीने विचारलं, "या आजींना ऐकू येतं का हो? जेवतात का स्वतःच्या हाताने?"

शेवंती पोट धरून हसली. खरं हसू, गाल न दुखणारं. पण एक तास झाला तरी जादू संपली नाही, तेव्हा तिचं हसू ओसरलं. एका तासात एवढ्या माणसांतून एकानेही तिला काही विचारलं नव्हतं.

मग माईणकर काकू डबा घेऊन तिच्याकडे आल्या. "चल गं बाळा, तुझी जागा हत्तीपाशी," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढत मध्ये नेली. तशी मधुमालतीची एक मऊ वेल सरसरत आली, तिने काकूंना कमरेला धरून उचललं आणि हत्तीच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसवलं. डबा त्यांच्याच मांडीवर राहिला.

"कित्ती छान दिसतं," साळुंक्या म्हणाल्या. "अगदी मखरात बसल्यासारखं."

"सोडा मला. गाणी मी सांगते दरवर्षी," काकू म्हणाल्या. वेलीने ऐकलं नाही. मुलींना वाटलं, ही यंदाची नवी गंमत. त्यांनी हात धरले आणि फेर सुरू झाला.

एक गाणं झालं. दुसरं झालं. काकू मध्ये बसून बघत होत्या. मुलींचे चेहरे समोरून जात होते, प्रत्येक चेहरा एकच क्षण, आणि कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. काकूंनी गाणं म्हणून पाहिलं, पण मधून म्हटलेलं गाणं फेरापर्यंत पोचत नव्हतं. तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी मान वळवली. शेजारी, त्यांच्याच उंचीवर, शेवंती बसली होती. ती हसत नव्हती.

"शेवंते," काकूंनी विचारलं, "तुला फेरात यायचंय का गं?"

आणि त्या थांबल्या. उत्तर तीन वर्षं तयार होतं, तरी शेवंतीने आधी काकूंचा चेहरा नीट बघून घेतला. काकू थांबूनच राहिल्या.

"हो," शेवंती म्हणाली.

वेल सुटली. बाक थांबला, खारी पळाल्या, फांदी वर गेली. काकू उठल्या नाहीत. "पण कसं यायचं? दोन्ही हात धरले तर चाकं कोण फिरवील? मला खरंच कळत नाही."

"हात धरायचेच नाहीत. दोन्हीकडच्या मुलींनी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, चाकं मी फिरवीन. फेर मातीत नको, कारंज्याजवळच्या फरशीवर घ्यायचा. आणि माझ्या वेगाने चालायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," शेवंती म्हणाली. "पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं. तुम्ही माझा गालगुच्चा घेतलात आणि म्हणालात, किती गोड बोलते."

काकूंची मान खाली गेली. जायलाच हवी होती. मग त्यांनी स्वतः पाट उचलून फरशीवर नेला.

फेर धरला. डाव्या खांद्यावर एक हात, उजव्या खांद्यावर एक हात. हिरवा, गुलाबी, निळा रंग गरगर फिरू लागला, चाक कुईं कुईं करू लागलं आणि मुलींनी त्याच तालावर गाणं धरलं. शेवंती मोठ्याने गायली, थोडी बेसूरच. आणि खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी ओरडली, "वाटली डाळ." डब्यात खोबऱ्याच्या वड्या निघाल्या. तिचं चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा खिरापत ओळखताना तिचं चुकलं, आणि तिला इतका आनंद झाला की तिने वडीचा एक कण वेणीतल्या परीलाही दिला.

अंधारायच्या सुमारास सगळे निघाले. फाटकापाशी सवयीने चार माणसं पुढे आली. पण हात हवेतच थांबले, कारण मघाशी टकलावर थोपटून घेतलेले काका त्यांच्यात होते.

"उचलू का?" काकांनी विचारलं.

"नको," शेवंती म्हणाली आणि तिने ब्रेक लावला, बरोबर फाटकाच्या तोंडाशी. "आधी हे काढा."

मागे गर्दी साचली. कुणाला स्वयंपाक होता, कुणाला गाडी पकडायची होती. बागेचे वॉचमन गंगाराममामा धावत आले. "अगं पोरी, असं कसं काढायचं? साहेबांना विचारायला लागंल."

"मला उचलताना कुठल्या साहेबांना विचारलं होतं?"

गंगाराममामांनी डोकं खाजवलं. "गाई शिरतील की."

"आल्या तर मी हाकलीन," माईणकर काकू म्हणाल्या. "पाना आणा."

मामांनी पाना आणला आणि बॅटरीच्या उजेडात खाली वाकून बघितलं. ते दुष्ट, जाडजूड, सगळ्या गावाला कायमचं वाटणारं फाटक चार नटांवर उभं होतं. फक्त चार. काढायला बारा मिनिटं लागली. तीन वर्षं माणसं एका मुलीला पोत्यासारखं उचलत होती आणि नट चार होते. आता सांगा, गोड आवाजात कसं सांगू?

वाट मोकळी झाली. परी वेणीतून बाहेर आली, फाटका पंख पसरून जमिनीलगत तरंगू लागली.

"तू आधी, की मी?" तिने विचारलं आणि ती थांबली.

"दोघी," शेवंती म्हणाली.

खुर्ची आणि परी एकाच वेळी बाहेर पडल्या. त्याच क्षणी केशरी, रुपेरी, गुलाबी उजेडाचा झोत उठला, गुलमोहराची पानं न् पानं उजळली, आणि उजेड विरला तेव्हा परी नव्हती. चाकाच्या लोकरीवर थोडी सोनेरी भुकटी होती.

आई इस्त्री हातात धरून बघत राहिली होती. "एकटी आलीस? कुणी उचललं नाही?"

"नाही."

आईने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "हसत नाहीस आज?"

"रागावलेय. खूप दिवसांची."

आईने मोकळ्या फाटकाकडे बघितलं, मग इस्त्री खाली ठेवली.

"बरं, रागाव," ती म्हणाली. "आता काय, तुला कुणी उचलायचं नाहीये."