कोरजाईच्या वाचनालयातलं कोरं बोट

कोरजाईच्या वाचनालयाला कुलूप नाही. कडीसुद्धा नाही, नुसतं दार लोटायचं. आत कडुनिंबाच्या फळीवर पुस्तकं आणि प्रत्येक दोन पुस्तकांमध्ये वेखंडाचा तुकडा. दसऱ्याला साऱ्या गावात शस्त्रांची, वह्यांची पूजा होते, पण इथल्या पुस्तकांवर कोणी फूल वाहत नाही की अक्षता टाकत नाही. बाहेरगावचे लोक विचारतात, हे असं का? मग झाडलोट करणाऱ्या हौसाआक्का पायरीवर बसतात आणि ठमाची गोष्ट सांगतात.

फार वर्षं झाली म्हणे. गावात एक वैद्यबाबा होते. त्यांनी आपलं सगळं औषधपाणी सतरा वह्यांत लिहून ठेवलं आणि जाताना पेटी गावाच्या हवाली केली. म्हणाले, "सांभाळा." गावाने सांभाळली, अगदी जिवापाड सांभाळली. पेटी देवळात नेऊन ठेवली, कुलूप लावलं, किल्ली भिकोबा गुरवाच्या कमरेला. वर्षातून एकदा, दसऱ्याला, पेटी उघडायची. हळद-कुंकू, अक्षता, वर शिऱ्याचा प्रसाद. पुन्हा कुलूप. वाचायला कोणी हात लावायचा नाही, विटाळ होतो म्हणायचे.

ठमा कोष्ट्याची सून. बापाने तिला अक्षरं शिकवली होती. तिची काशी सात महिन्यांची झाली आणि डांग्या खोकल्याने धरली. उबळ आली की पोर निळी पडायची, मग कितीतरी वेळाने श्वास घ्यायची. तोवर ठमा आपलाच श्वास धरून बसायची. ह्याच खोकल्यातून वैद्यबाबांनी आधी गावातली पोरं काढली होती, हे तिला माहीत होतं.

पोर पाठीशी बांधून ती देवळात गेली. "गुरवबाबा, एकदा उघडा. मला एकच पान बघायचंय."

"बारा दिवसांवर दसरा आलाय. देवाला मधेच उठवत नाहीत, बाई."

"पोर थांबेल का बारा दिवस?"

गुरवाने कमरेची किल्ली मुठीत धरली. तो वाईट माणूस नव्हता, भ्यायला होता, असं आक्का सांगतात.

घरी सासू म्हणाली, "कागद काय खोकला थांबवतो होय गं? गप पदराखाली घे पोरीला." ठमा बारा दिवस थांबली. जत्रेत हरवल्यासारखी घरातल्या घरात फिरत राहिली.

दसऱ्याला पेटी उघडली. ठमाने सगळ्यांच्या देखत हात घातला आणि वही काढली. हातात चाळण आली. शिऱ्याच्या गोडाला, अक्षतांच्या तांदळाला कसर लागली होती आणि त्या बारीक किडीने पानं खाऊन टाकली होती. डांग्या खोकल्याच्या पानावर वरचं नाव तेवढं शाबूत होतं.

तिथून ती निघाली ती दारोदार. "तुमच्या लेकराला बाबांनी काय दिलं होतं? आठवा ना." धनगराच्या म्हातारीला पाला आठवला. कुंभारणीला आठवलं की काढा नव्या मडक्यात, झाकण ठेवून करायचा. सुताराच्या आईने मधाचं सांगितलं. ज्या घरांचा एकमेकांच्या ओट्यावर पाय पडत नव्हता, त्यांच्या आठवणी एकत्र झाल्या आणि औषध जमलं. पण किती पाजायचं, ते कोणालाच सांगता येईना. ते बाबा स्वतःच्या हाताने पाजायचे.

कमी दिलं तर गुण नाही, जास्त दिलं तर पोर जाते. ठमाने भीत भीत बोट बुडवून चाटवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काशी गेली.

सुतकाचे दिवस पार पडल्यावर ठमा पुन्हा देवळात आली. काशीला उगाळून द्यायचं वेखंड तिच्या पदराच्या गाठीला तसंच होतं. तिने ते सोडलं आणि वह्यांमध्ये ठेवलं. वेखंडाच्या वासाला कसर येत नाही, हे तिला पेठेतल्या कापडवाल्यांकडून ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीच्या उपयोगाचं राहिलं नाही. ह्या वह्यांच्या तरी उपयोगी पडू दे."

भिकोबा गुरव तिथेच होता. तो उठला आणि कमरेची किल्ली त्याने विहिरीत टाकली.

मग पेटी देवळातून बाहेर आली. सुताराने निंबाच्या फळ्या दिल्या, कुंभारांनी ह्या वाचनालयाची भिंत घातली, कोष्ट्यांनी बांधणीला कापड विणलं. धनगर ओढ्याकाठचं वेखंड आणू लागले. कसरीने खाल्लेल्या वह्यांतलं घराघरातून आठवून आठवून नव्याने लिहिलं गेलं. डांग्या खोकल्याचं पान ठमाने स्वतः लिहिलं. पाला, मडकं, मध, ज्याने सांगितलं त्याच्या नावासकट. जिथे माप यायचं तिथे बोटाएवढी जागा कोरी सोडली.

आजही गावात मूल जन्मलं की बाळाच्या वेखंडाचा अर्धा तुकडा आधी इथे येतो. आई बाळाला घेऊन उन्हात बसते आणि एक पुस्तक पानन् पान उलगडून वारा देते. मागे एक बाळंतीण नेमकं ते खोकल्याचं पान उघडून म्हणाली, "आक्का, आता दवाखाना आहे. डॉक्टरांना विचारून ती जागा भरून टाका की."

आक्का म्हणाल्या, "भरली की तुम्ही सगळ्या निश्चिंत व्हाल गं. मग उघडायला कोण येईल?"

बाळंतिणीच्या मांडीवरलं पोर तेवढ्यात खोकलं. साधंच खोकलं. तरी तिने पान तिथेच धरलं, बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं आणि पोराचा पुढचा श्वास येईपर्यंत उचललं नाही.