भिंतीकडे तोंड केलेला तांब्या

फार वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी बरोबर सव्वादहाला, जुन्या वस्तूंच्या दुकानात एक बाई आली. "दादा, 'चि. गोदूस आत्याकडून' असं नाव घातलेला तांब्या आलाय का हो? माझ्या आईचा आहे. आजारी आहे ती, सारखी त्याचीच आठवण काढते."

फळीवरच्या पितळी तांब्याने ते ऐकलं. नाव त्याच्याच अंगावर होतं. पण आपण सरदाराघरचे, अशी बढाई त्याने सगळ्यांपुढे मारली होती आणि नावाची बाजू भिंतीकडे वळवून ठेवली होती.

"अहो सरदार, तुम्हालाच शोधतायत. वळा की!" बाजूने ते नाव दिसणारी शेजारची समई कुजबुजली.

वळलो तर सगळे हसतील, म्हणून तांब्या हलला नाही. बाईने फळ्यांवरून नजर फिरवली, डोळे पुसले आणि ती निघून गेली.

मग मात्र तांब्याला मान वर करवेना. याच गोदूने त्याला रोज चिंचेने घासून लख्ख ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी समईला गिऱ्हाईक मिळालं. तेव्हा तांब्या सगळ्यांसमोर वळला. कुणीच हसलं नाही.

"समईताई," तो म्हणाला, "जाशील तिथल्या भांड्यांना सांग, त्यांनी पुढच्यांना सांगावं. गोदूचा तांब्या इथंच आहे."