पाठीचे बंद

“पण बंद पाठीलाच का, तात्या?”

अनंतने विचारले आणि हातातला नवा अंगरखा उलगडून धरला. काळा, पायघोळ, मुंबईच्या शिंप्याने नेटका शिवलेला. जुन्या वेशाचे बंद पाठीला, याचे तिन्ही पुढच्या बाजूस होते.

धोंडूतात्या ओटीवर बसले होते. शिमग्यात पालखीपुढे नाचणाऱ्या संकासुराचा वेश त्यांनी ऐन तरुणपणापासून वाहिला होता. यंदा गुडघ्यांनी नकार दिला, आणि वेश अनंतकडे जायचा ठरला. नाच त्यांनीच त्याला शिकवलेला. मुंबईहून सुट्टीला येई तेव्हा, थोडा थोडा. आता त्यात उणे काढण्याजोगे काही राहिले नव्हते. हे तात्यांना ठाऊक होते. दुर्दैवाने अनंतलाही ठाऊक होते.

“तुला काय वाटतं?” तात्यांनी विचारले.

“जुन्या शिंप्याची चूक, दुसरं काय? घालणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे बंद! हा बघा. एकट्यानं चढवला, एकट्यानं उतरवला. कुणाची वाट बघायला नको.”

“कुणाची?”

अनंत नव्या अंगरख्याचे बंद चाचपू लागला.

जुन्या वेशाच्या तीन बंदांचा मान त्या वाडीत तीन घरांकडे होता. कमरेचा बंद गुरवाचा. छातीचा सुताराचा. तिसरा गळ्याचा, त्याच्यातच टोपी आणि मुखवटा अडकवलेला असे. तो मांडवकरांच्या थोरल्या घरच्या सुनेने बांधायचा. तो बांधला गेल्याखेरीज संकासूर पालखीपुढे जात नसे, आणि संकासुरावाचून पालखी हलत नसे.

अनंत मांडवकरांच्या धाकट्या घरचा. दोन घरांमध्ये एक गडगा, दगडांचा बुटका बांध, होता आणि गडग्यावर एक फणस. फणस कोणाचा, या प्रश्नावर वडील माणसे भांडली आणि एकेक करून निघून गेली. अबोला तेवढा मागे राहिला. थोरल्या घरात आता त्या घरची सून, रुक्मिणकाकी, एकटी होती.

“नाच चुकला तर सांगा, तात्या. बंद कुठे बांधलाय ते पालखीला दिसतंय थोडंच?”

“पालखीला नाय दिसत. तुला दिसतं का, पाठीवरचं?”

“नाही.”

“मग झालं तर.”

तात्यांनी अनंतला माळ्यावरचे गाठोडे काढायला लावले. जुन्या अंगरख्याला कापराचा आणि अनेक शिमग्यांच्या घामाचा वास येत होता.

“घाल.”

अनंतने घातला.

गुरवाचा सदू आला. त्याने घुंगरांचा पट्टा आवळला आणि कमरेचा बंद ओढून पाहिला. “पोट आत घे रे मुंबैकर! बंद तोच हाय, पोटच नवीन दिसतंय.”

बाबी सुतार आला. छातीचा बंद बांधून त्याने पाठीवर हलकी थाप मारली, बैलाला जू घातल्यावर मारतात तशी, आणि निघून गेला.

देवळाकडून ढोल ऐकू येऊ लागला. पालखी सजली होती.

अनंत उंच टोपी हातात घेऊन उभा राहिला. टोपीला काळा मुखवटा आणि छातीपर्यंत लोंबणारी पांढरी दाढी.

“तात्या… हा एवढा तुम्हीच बांधा.”

तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले. जवळ आले. अनंतने मान खाली घातली आणि थांबला.

काहीच झाले नाही.

त्याने वळून पाहिले. तात्याही त्याच्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभे होते.

“हे काय?”

“मला नाय येत बांधायला,” तात्या म्हणाले. “उभा जन्म पाठच करत आलोय.”

ढोलाचा ठेका बदलला…

अनंत ओटीवरून उतरला. आपल्या घराकडून गडगा ओलांडणे सोपे होते. पण तो पाणंदीने वळसा घेऊन गेला आणि थोरल्या घराच्या अंगणात घराकडे पाठ करून उभा राहिला. तात्या दरवर्षी असेच उभे राहत.

अंगणाच्या कडेला खळ्यात काकी कुळीथ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

“कोण ता?”

“संकासूर.”

“संकासुराचा तोंड दिसत नाय. तुझा दिसताय.”

“टोपी हातात आहे, काकी.”

‘काकी’ हा शब्द त्या अंगणात फार वर्षांनी आला होता. सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पावले.

“वाक. माडासारखा वाढलायस नुसता.”

तो वाकला. टोपी डोक्यावर बसली, मुखवटा खाली आला, आणि मानेला कुळथाच्या धुळीने भरलेली बोटे लागली.

“मान केवढी जाड झालीय! आमचा फणस पचला म्हणायचा तुला.”

“तो आमचा…” मुखवट्याआडून आवाज आला आणि मध्येच थांबला. “गोड असतो, काकी.”

“तर! माझ्या सासूनं लावलाय.” बोटे गाठीशी खटपट करत राहिली. “हलू नको. लहानपणी कुंची बांधताना पण अशीच मान हलवायचास. तुझी आई रागवायची, मग मीच बांधायचे.”

मुखवट्याआड त्यानंतर काय घडले, हे सांगणे अवघड आहे. पाहणाऱ्याला एवढेच दिसले असते की वारा नसताना पांढरी दाढी थोडा वेळ हलत होती.

“झाली बघ,” काकी म्हणाली. “ही सुटायची नाय.”

रिवाज असा की संकासुराचे पहिले पाऊल पालखीपुढे पडावे. अनंतने ते काकीच्या अंगणात टाकले, तिच्याकडे तोंड करून, पुरे एक आवर्तन. ओटीवर बसलेल्या तात्यांनी घुंगरांवरून सारे ओळखले. चूक मोठी होती. त्यांनी ती काढली नाही.

परत येऊन संकासुराने ओटीच्या पायरीशी हात जोडले.

“तात्या… तो नवा अंगरखा. त्याचं काय करू?”

तात्यांनी नवा अंगरखा मांडीवर घेतला. शिवण निरखली, पुढचे तिन्ही बंद सरळ केले आणि घडी घातली.

“चांगला शिवलाय. जपून ठेव,” ते म्हणाले. “ज्या शिमग्याला वाडीत कुणी उरणार नाय, त्या शिमग्याला घाल.”