झेंडूची माळ आणि अप्पांची बोटं

एका गावात अप्पांचा छापखाना होता. छापखाना कसला, एक खोली, एक जुनं, मोटरवर चालणारं ट्रेडल मशीन आणि कागदांच्या घड्या घालायला त्यांची बायको सुमतीबाई. मशीनचा जबडा उघडला की अप्पा हाताने कागद आत ठेवायचे आणि तो मिटायच्या आत हात काढून घ्यायचे. हात अडवायला मशीनला लोखंडी जाळी होती. पण जाळीने काम रेंगाळतं म्हणून अप्पांनी ती काढून माळ्यावर टाकली होती. सुमतीबाई त्यावरून रोज कटकट करायच्या आणि अप्पा रोज हसण्यावारी न्यायचे.

"अगं, ही आपली लक्ष्मी. आपलं पोट भरते, ती बोट कशाला खाईल?"

खंडेनवमीला अप्पांनी मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची घसघशीत माळ घातली. इतक्यात शेटे धावत आला. दसऱ्याला त्याच्या दुकानाचं उद्घाटन, आणि हँडबिलं छापायचीच राहिलेली! नाही म्हणणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं. पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची असते, हेही ते विसरले. माळ तशीच ठेवून त्यांनी बटण दाबलं.

हादऱ्याने माळ घसरली आणि थेट जबड्यात गेली. देवाला वाहिलेली फुलं चिरडणार! मागचापुढचा विचार न करता अप्पांनी आत हात घातला.

सुमतीबाईंनी त्यांचा सदरा धरून असा हिसका दिला की अप्पा धाडकन खाली बसले. जबडा मिटला. माळेचा पार चेंदामेंदा झाला. सुमतीबाईंनी आधी बटण बंद केलं आणि मग त्या भिंतीला टेकून रडू लागल्या.

"लक्ष्मीनंच वाचवलं बघ," अप्पा म्हणाले.

"लक्ष्मीनं नाही, मी ओढलं म्हणून वाचलात. तिला जबडा आहे, डोळे नाहीत. झेंडू काय नि तुमचं बोट काय, तिला सारखंच."

शेटे घाई करत होता. अप्पांनी त्याला चहा देऊन बसवलं, माळ्यावर चढून जाळी काढली, झटकली आणि घट्ट बसवली. काम उशिरा झालं, शेटे कुरकुरला, पण हँडबिलं मिळाली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी बायकोला आपट्याचं पान दिलं. पान राहिलं बाजूला, सुमतीबाई त्यांची बोटंच एकेक करून चाचपत बसल्या.

तात्पर्य: यंत्राची पूजा जरूर करावी, पण आपल्या हातांची काळजी आपणच घ्यावी; ते शाबूत राहावेत म्हणून घरात कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.