महागाई भत्त्यात काजू

कोंढेवाडी नावाच्या गावात गेणू नावाचा एक भोळा मॅनेजर होता. भोळा आधीपासूनच होता, मॅनेजर मामाने केला.

मामाचा लोणच्याचा कारखाना. समोर तसाच दुसरा निघाला आणि कैऱ्या फोडणाऱ्या बायका तिकडे बघायला लागल्या. ऐन हंगामात त्या गेल्या की कारखान्याला कुलूपच. मामा म्हणाला, "गेण्या, पगारपाण्याचं तू बघ. बायका खूश राहिल्या पाहिजेत."

म्हाताऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या, "साहेब, महागाई भत्ता द्या."

गेणू बाजारात गेला. साधा भत्ता घेतलाच नाही, महागाचा घेतला. चुरमुरे, शेव, वर काजू. प्रत्येकीला एकेक पुडा दिला. "कांदा तेवढा घरून आणा," म्हणाला.

मामाने कपाळाला हात लावला. "अरे बैला, तो भत्ता खायचा नसतो! बायकांना काय द्यायचं ते पगाराच्या पाकिटात घालून द्यायचं!"

"बरं मामा."

पुढे मोठी ऑर्डर आली. मामा म्हणाला, "बायकांना पेढे दे." गेणूने पेढे पाकिटांत घातले आणि पाकिटं कपाटात ठेवली. पगार एक तारखेला असतो ना! एक तारखेला नोटांना मुंग्या. कुणाला तीन पेढे, कुणाला नुसता भुगा.

"ही नोट वाणी घेईल का चाटेल?" द्वारकाबाई कडाडल्या.

मामा ओरडला, "अरे शहाण्या, द्यायचं ते लगेच द्यायचं, आणि सगळ्यांना सारखं द्यायचं! दुजाभाव नको."

"बरं मामा."

शेवंताचे दिवस भरत आले होते. तिने बाळंतपणाची भरपगारी रजा मागितली. गेणूने लगेच दिली, आणि सगळ्यांना सारखी दिली. द्वारकाबाईंना दिली. मिशीवाल्या लहानू हमालालाही दिली.

"साहेब, मला कशाला?" लहानू घाबरला.

"दुजाभाव नको."

लहानूने घरी जाऊन कानाला फडकं बांधलं आणि बायकोकडे डिंकाचा लाडू मागितला. इकडे कैऱ्यांचे आंबे व्हायला लागले.

मामाने घरोघर हातापाया पडून सगळ्यांना परत आणलं. एक शेवंता तेवढी घरी राहिली. मग मामा रडकुंडीला येऊन म्हणाला, "गेण्या, आता ह्या गेल्या तर मी बुडालो रे. तू डोकं चालवूच नकोस. समोर जा, तिथं बायकांना काय काय मिळतं ते बघ. आपल्या बायकांना तस्संच मिळालं पाहिजे. एक रुपया कमी नको. आजच्या आज!"

संध्याकाळी गेणू शीळ घालत आला. कारखान्यात चिटपाखरू नव्हतं.

"झालं मामा! पगार तोच, रजा तीच, चहा दोनदा. रुपयाही कमी नाही."

"शाबास! अन् बायका कुठायत?"

"समोर. सगळ्यांना तिथंच चिकटवून आलो. लहानूलासुद्धा."

मामा मटकन खाली बसला. "मग मेल्या, तू का नाही राहिलास तिकडं?"

"विचारलं की मी! पण तिथले मालक फार भले माणूस. म्हणाले, तू मामाकडंच राहा, वाटल्यास तुझा पगार आम्ही देतो."